सतराव्या खेपेतली शिडी

वकील म्हणाला, फुमिए-सान, तुम्हाला कोणी दोष देत नाहीये.
तीनदा म्हणाला,
आजाऱ्याला "काही नाही, काही नाही" म्हणतात तसं.

निइगाताच्या या डोंगराकडेला चार-पाच महिने बर्फ.
छपरावर कंबरभर साचतं, तुळया कण्हायला लागतात,
मग म्हातारेसुद्धा फावडं घेऊन शिडी चढतात.
त्सुचिदा चढले. वय सत्याहत्तर, निवृत्त पोस्टमन.
पाचव्या पायरीशी रिव्हेट तुटलं.
खाली बर्फ मऊ होतं,
बर्फाखाली मात्र दगडी गटाराची कड होती.

शिडी आमची.
तिच्या पायावर ठोकलेला आकडा माझ्या वहीत सापडला:
खेप सतरा, नग दोनशे चाळीस, तपासणी फुमिए.
विकून नऊ वर्षं दहा महिने झालेली.
अजून दोन महिन्यांनी पडले असते
तर कायद्याचं दार आपसूक लागलं असतं,
असं कारकून चहा ओतताना बोलून गेला
आणि आमचे मालक कुवाबारा
कप तसाच ठेवून अंगणात गेले.

मी रिव्हेट कानाने तपासते.
छोटी हातोडी, एक टिचकी.
चांगलं रिव्हेट टण् म्हणतं आणि गप्प होतं.
खोटं जरा घोगरं,
शब्द गिळणाऱ्या पोरासारखं.
एकतीस वर्षं हेच.
घरी जेवतानाही वाडग्यावर माझं बोट वाजतं.

प्रयोगशाळेने रिव्हेट कापून भिंगाखाली धरलं.
आत पोकळी. तिळाचा दहावा हिस्सा.
जन्मापासूनची, म्हणाले,
कुठल्याही कानाला कळली नसती.
दर हिवाळ्यात तिथून चीर वाढत गेली, केस-केसभर.

माझ्या मनात निराळंच न्यायालय भरलं होतं.
तिथे मी सांगणार होते
त्या दिवशी मला सर्दी नव्हती,
शेजारची प्रेस बंद होती,
एकही टिचकी चुकली नाही.
वही, हातोडी, सगळं रुमालात बांधून नेलं होतं.
कोणी गाठ सोडायला सांगितली नाही.

न्यायाधीश बाईंनी तिघा-चौघांना तेच विचारलं:
शिडी याच कारखान्यातली का?
निघाली तेव्हा तिच्यात दोष होता का?
त्यामुळेच माणूस पडला का?
हो. हो. हो.
काळजी घेतली होती का, हे कोणी विचारलंच नाही.
माझी एकतीस वर्षांची काळजी
बाहेर छत्र्यांच्या स्टँडवर ठिबकत राहिली.

परतीच्या बसमध्ये मला राग आला.
चूक नाही म्हणायचं आणि भरपाई द्या म्हणायचं!
कुवाबारा खिडकीबाहेर बघत होते.
"दोनशे चाळीस शिड्यांचे पैसे
त्सुचिदांच्या गल्ल्यात नव्हते आले," म्हणाले.
मग बराच वेळ काहीच नाही.

वकिलाने नको म्हटलं होतं, तरी आम्ही त्यांच्या घरी गेलो.
चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर गोधडी.
"ती तपासणारी तूच?"
हो म्हणाले. मान वर होईना.
"मी चाळीस वर्षं पाकिटं वाटली," ते म्हणाले,
"आत काय असतं ते मला कधी दिसलं नाही.
पण लोक रडायचे ते माझ्याकडे बघून."
आणि बायकोला म्हणाले, संत्री सोल.

आता कारखान्यात हातोडीशेजारी क्ष-किरणांचं यंत्र आहे.
खेप सतराच्या मालकांना मी पत्रं लिहिते.
काही शिड्या परत आल्या, काही भंगारात गेलेल्या,
एक कोणी वेलाला आधार म्हणून लावली होती.
एकसष्ट सापडलेल्या नाहीत.

रात्री बर्फ पडायला लागलं की जाग येते.
त्याला आवाज नसतो.
मी तरी कान देऊन पडून राहते.